बोल्टवरची लाल रेघ

सकाळी फोन आला तो सुमनवहिनींचा. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या बोलू शकल्या. आदल्याच संध्याकाळी त्यांचे यजमान, माझा मित्र अशोक, मला फोनवर सांगत होता, "दोन्ही बाजू सारख्या गरम! उद्या ये." खरं सांगतो, तेव्हा मला शंकाच आली होती, की बोलावून पुन्हा माझ्यावर आळ घेणार.

निवृत्तीनंतर पिंपळगावच्या शेडमध्ये अशोक द्राक्षाच्या काड्यांवर चालणारं इंजिन बनवत होता. आत कोंडलेली हवा तापायची, निवायची. मधल्या नळीत बारीक जाळीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या. जाताना हवेने आपली ऊब तिथे ठेवायची, येताना उचलायची. पण नळी एका अंगाला चटका देई, दुसऱ्या अंगाला गार लागे, आणि इंजिन धापा टाकत बंद पडे. अशोकला वाटे, आपल्यामागे कोणीतरी नळी उघडतंय. त्याने आधी जाळीवाल्याला धरलं, मग वेल्डरला, मग मला. वहिनींची लाल नेलपॉलिश घेऊन नळीच्या प्रत्येक बोल्टवरून तिच्या झाकणापर्यंत रेघ ओढली. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटणार. मी गेलो की चहाआधी तो रेघा तपासायचा, आणि मग माझ्याकडे बघायचा. फार राग यायचा मला.

शेवटी चोर सापडला तो चहाच्या गाळणीत. चोथा एकीकडे साचला, चहा दुसरीकडून पळाला, आणि अशोक कप तसाच ठेवून उठला. "हवा पण अशीच लबाड हाय रे! चकत्या एका कडेला तोकड्या पडल्यात. जाळीतून जायचं सोडून तिथून सटकते." नव्या चकत्या कापायला तो लगेच बसला. माझी माफी मात्र मागितली नाही.

दशक्रियेनंतर शेडमध्ये गेलो, तर सगळ्या रेघा तुटलेल्या, बोल्ट नुसते हाताने लावलेले. माझं डोकंच फिरलं. "कोण आलं होतं इथं? कोणी उघडलं?"

"कोणी नाय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला फोन केल्यावर त्यांनीच सैल केले. म्हणले, तो येणार हाय, त्याच्या हातानं उघडून बघू दे."

मी उघडलं. चकत्या चहूबाजूंनी भिंतीला टेकल्या होत्या. बोल्ट आवळले, काड्या पेटवल्या, चाक फिरवलं. थोड्या वेळाने नळीच्या दोन्ही अंगांना हात लावले... दोन्ही तळव्यांना सारखाच चटका. मी तिथेच रडलो.

वहिनींनी नेलपॉलिशची बाटली पुढे केली. मी नको म्हणालो. त्या तुटक्या रेघा अजून तशाच आहेत. पिंपळगावला गेलो की चहाआधी मी त्या बघून येतो.