नर्सबाईंची न विस्कटलेली खाट

नर्सबाई ज्या घरात जातील तिथली खाट आधी आवरायच्या, मग चहा घ्यायच्या. घर नात्यातलं असो, ओळखीचं असो, नाहीतर नुसतं पत्ता विचारायला गाठलेलं असो. तोंडाने खुशाली विचारणं चालू आणि हातांनी उशी झटकणं, चादर ताणणं, पायथ्याचे दोन्ही कोपरे तिरपे दुमडून गादीखाली घट्ट खोचणं चालू. घरातली बाई ओशाळून म्हणायची, "अहो, राहू द्या." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तू चहा टाक. मी काय रिकामी बसू व्हय?" आमच्या संगमनेरात नर्सबाई येणार म्हटलं की बायका आधीच पलंग नीटनेटके करून ठेवायच्या. नर्सबाई ते पुन्हा करायच्या.

त्यांचं खरं नाव गावात फारच थोड्यांना ठाऊक होतं. प्रवरेकाठच्या शेतकरी घरातली ही मुलगी, नवरा लवकर गेला, पदरी एक मुलगा. तिने नर्सिंग केलं आणि गावातल्या एका छोट्या दवाखान्यात उभी हयात काढली. औषधांची अवघड इंग्रजी नावं तोंडपाठ, पण बोलणं शेवटपर्यंत गावाकडचं. इंजेक्शन देताना त्या पेशंटला हमखास त्याच्या म्हशीचं नाव विचारायच्या. तो आठवून सांगेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची. म्हैस नसलेल्यांची मात्र पंचाईत व्हायची.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या वडिलांच्या आजारपणात. वडील कोर्टातले निवृत्त कारकून, एका सकाळी उजवी बाजू लुळी पडली. नर्सबाईही तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं, तरी रोज संध्याकाळी यायच्या. माणसाला खाटेवरून न उचलता त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलायची ते त्यांनीच मला शिकवलं. आधी एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, तिच्या मागोमाग नवी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. झालं की त्या तळहात वडिलांच्या पाठीखाली सरकवून चाचपून बघायच्या. "सुरकुती ऱ्हायली की पाठ फुटती बघ, मंजू. मानूस दुखन्यानं जात न्हाई, पाठीच्या जखमेनं जातो." आठ महिने वडील अंथरुणावर होते. त्यांच्या पाठीला शेवटपर्यंत साधा लाल डागही पडला नाही. तेव्हा कुठे मला कळलं, की ज्याला आम्ही सगळे बाईंचा चाळा समजत होतो तो चाळा नव्हता.

पुढे मी नाशिक-पुणे रस्त्यावर प्रवासाचं ऑफिस थाटलं. सुरुवातीला अष्टविनायक, मग दुबई, मग सिंगापूर. त्यानंतर एकदा हिय्या करून सिडनीची एक श्रीमंती सहल काढली. बंदरासमोरचं पंचतारांकित हॉटेल, डोंगरात एक दिवस, द्राक्षांच्या मळ्यात जेवण, आमच्याच लोकांसाठी वेगळी बोट. अकरा जण तयार झाले. बारावं नाव घेऊन नर्सबाईंचा सुभाष आला. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप आहे. म्हणाला, "ताई, आईला न्या. पन एक करा, तिथं तिला कुनाचं काही करू देऊ नका. आयुष्यभर दुसऱ्यांचं केलं तिनं. आठ दिवस नुसतं बसू द्या रानीसारखं." मी म्हटलं, "बसवते की!" किती सहज शब्द दिला मी!

निघण्याआधीच खोलीवरून वाद. बरोबरच्या बायकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नर्सबाई घोरतात, आम्ही त्यांच्या खोलीत झोपणार नाही. नर्सबाईंच्या कानावर ते गेलंच. "नर्स कवा घोरती का? घोराया आधी झोप लागाया लागती," त्या ठसक्यात म्हणाल्या आणि स्वतःच एकटीची खोली मागून घेतली. खोली अठराव्या मजल्यावर, खिडकीभर बंदर. पलंग बघून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "येवढी गादी एका मानसाला? आमच्या वॉर्डातले तीन पेशंट निजले असते हिच्यावर."

सिडनी त्यांना आवडली, पण आपल्या पद्धतीने. तिथलं ते जगप्रसिद्ध नाट्यगृह पाहून त्या म्हणाल्या, "पातेली घासून उपडी घातल्यावानी दिसतंय, पन स्वच्छ हाय." बंदरातल्या फेरीबोटीत चिनी, अरब, आफ्रिकी, गोरे, आपले, सगळे खांद्याला खांदा लावून बसलेले. नर्सबाई एकेकाचा चेहरा निरखत होत्या. एका म्हाताऱ्याचे पाय सुजलेत, एका पोरीच्या अंगात रक्त नाही, असं त्यांचं निदान चाललं होतं. आमचा तिथला गाइड मूळचा पुण्याचा. त्याला त्यांनी हळूच विचारलं, "इथं नर्सा लागत्यात का रे?" तो म्हणाला, "लागतात की मावशी, खूप लागतात." त्यावर त्या नुसतंच "हं" म्हणाल्या. ते "हं" मी ऐकलं आणि विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी सगळे डोंगरात जाणार होतो. नर्सबाई म्हणाल्या, "गुडघं लई बोलाया लागलेत. तुमी जा. मी खिडकीत बसते." राणीसारखं बसणं ते हेच, असं समजून मी निर्धास्त गेले. संध्याकाळी परत आलो तर हॉटेलचा मॅनेजर लॉबीत माझीच वाट बघत होता. फार अदबीने म्हणाला, अठराव्या मजल्यावरच्या तुमच्या पाहुण्या ठीक आहेत ना? दोन रात्री त्यांच्या खोलीत कुणी झोपल्याचं दिसत नाही. पलंग जसाच्या तसा, टॉवेलच्या घड्या मोडलेल्या नाहीत, कप हललेले नाहीत. आज दुपारपासून दार वाजवलं तरी आतून उत्तर नाही.

नर्सबाईंनी गाइडला विचारलेलं ते "नर्सा लागत्यात का" मला आठवलं. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी धास्ती कशाची, तर सहलीला नेलेलं माणूस परदेशात परस्पर नाहीसं होण्याची. एकदा तसं झालं की त्या ऑफिसच्या कागदांवर पुढे कोण विश्वास ठेवणार? लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार नर्सबाईंचा आला नाही. व्हिसाचा आला, माझ्या ऑफिसच्या पाटीचा आला. दोन रात्री ही बाई झोपली कुठे? कुणाकडे? सुभाषला काय सांगू?

त्यांचा फोन बंद. मॅनेजरने खोली उघडली. खरोखरच तिथे कुणी राहत असल्याची खूण नव्हती. बाथरूमच्या आरशावर पाण्याचा थेंब नाही. मी कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यात त्यांची बॅग, कुलूप लावून, पट्टे आवळून ठेवलेली. म्हणजे बाई पळालेली नाही! मी हुश्श केलं. पळाली नाही, तर मग गेली कुठे? गुडघे दुखणारी, इंग्रजी न बोलणारी म्हातारी बाई, आणि बाहेर समोरच बंदराचं खोल पाणी. आता व्हिसा गेला चुलीत. मला माझ्या नर्सबाई हव्या होत्या.

त्या घालमेलीत माझं लक्ष पलंगाकडे गेलं. पायथ्याचे कोपरे तिरपे दुमडून घट्ट खोचलेले होते. हॉटेलचे कोपरे तसे नव्हते, माझ्या खोलीतले मी पाहिले होते. हे कोपरे संगमनेरचे होते. त्या इथेच झोपत होत्या आणि उठल्याबरोबर खाट करून ठेवत होत्या! अंग पुसायला स्वतःचा पंचा, चहाचा कप विसळून पुसून जागच्या जागी. माझ्या वडिलांच्या खाटेपाशी आठ महिने उभी राहिलेली मी, मला हे तीन दिवसांत सुचू नये?

मी मॅनेजरला कसंबसं हे समजावत होते, तोच दारात निळ्या गणवेशातली एक मुलगी आली. सरिता, नेपाळची. खोल्या आवरण्याचं काम करायची. घाबरत घाबरत म्हणाली, "वो आंटी? वो तो नीचे हमारे साथ हैं।"

तळमजल्याच्या खालच्या चादरी ठेवायच्या खोलीत नर्सबाई स्टुलावर बसल्या होत्या. भोवती पाच-सहा कामवाल्या मुली, कुणी नेपाळी, कुणी फिलिपिनी, आणि मधल्या टेबलावर एक जुनी गादी. दुपारी सरिता खोली करायला आली तेव्हा तिचा हात सारखा कमरेकडे जात होता, ते नर्सबाईंनी पाहिलं होतं. झालं! कमरेत न वाकता, गुडघ्यात बसून गादी कशी उचलायची, ते शिकवायला त्या तिच्यामागोमाग खाली आल्या होत्या. ज्या गुडघ्यांनी डोंगर बघू दिला नाही, ते गुडघे इथे बिनबोभाट चालले होते. भाषेची कुणालाच अडचण नव्हती. फोन बॅगेत, बॅग कुलपात.

मला पाहून त्या म्हणाल्या, "अगं, येवढी पांढरी का पडलीस? बस खाली. पानी पी आदी." मी बसले आणि सगळ्यांसमोर रडले. रागावायचं राहूनच गेलं. नर्सबाईंनी माझी नाडी बघितली, मग मॅनेजरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ह्या पोरींची चूक न्हाई. मी माज्या पायानं आले. सांग गं त्येला." मी सांगितलं. तो हसला. पाहुण्यांना खाली आणताना निदान मला कळवत जा, एवढंच त्या मुलींना म्हणाला.

निघताना सरिताने नर्सबाईंचे हात धरले. "आंटी, कल मेरा काम मत करना। एक दिन मुझे करने दो।"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या खोलीत गेले. खाट विस्कटलेली होती आणि नर्सबाई खिडकीजवळच्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. समोर बंदरात सकाळच्या बोटी सुटत होत्या, पण त्यांचं लक्ष पलंगाकडे. सरिता गुडघ्यात बसली, गादी उचलली, कोपरे तिरपे दुमडले. प्रत्येक घडीबरोबर बाईंचे ओठ हलत होते. खाट झाल्यावर हात मांडीखालून काढून म्हणाल्या, "माजी खाट माज्या आईनं केली आसंल तेवढीच. त्यानंतर ही." मी सुभाषला दिलेला शब्द त्या एका सकाळपुरता पाळला गेला.

परत आल्यावर वर्षभरात सुभाष त्यांना नागापूरला आपल्याकडे घेऊन गेला. त्या निघाल्या तेव्हा मला फार एकटं वाटलं. अजूनही कुणाकडे पलंगावर चादर वेडीवाकडी दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो आणि लोक मला हसतात.

गेल्या हिवाळ्यात सुभाषचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन आहे. आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग तो म्हणाला, "डॉक्टर म्हनाले, महिन्या-दोन महिन्यांत काठी घेऊन चालतील." तशी मी सकाळच्या पहिल्या एसटीने नगर गाठलं.

नर्सबाई घरी खाटेवर होत्या, वाळलेल्या आणि चिडलेल्या. "धा दिस झाले, मला झोप न्हाई. सून गुनाची हाय, पन तिला चादर येत न्हाई." मी पदर खोचला. सुनेला बरोबर घेतलं, बाईंच्या दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवली, त्यांना हलकेच चांगल्या कुशीवर वळवलं. जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळली, नवी मागोमाग पसरली. पाय जपत उताणं केलं, पलीकडून चादर ओढली, कोपरे तिरपे दुमडून खोचले. त्या डोळे मिटून सगळं तपासत होत्या, मला ते कळत होतं. मी सरळ झाले तसा त्यांचा तळहात हळूहळू पाठीखाली सरकायला लागला, सुरकुती शोधत.

निम्म्यात तो थांबला. मी घाबरून वाकून पाहिलं.

नर्सबाई घोरत होत्या.