पाठ केलेला तक्ता

मी शिकवत होते त्या शाळेत त्याला सगळे ‘कपाट’ म्हणायचे. तो दारात उभा राहिला की वर्गातला उजेड कमी व्हायचा. वर्गातला सगळ्यांत मोठा देह त्याचा आणि सगळ्यांत हळू आवाजही त्याचाच. हा मुलगा पुढे लाथा-बुक्क्यांच्या खेळात हेवीवेट विजेता झाला, हे मला अजूनही नीट पटत नाही.

वडील लवकर गेले. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली ताई चष्म्याच्या दुकानात लागली आणि कपाट फर्निचरच्या गोदामात माल चढवू लागला. गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये किकबॉक्सिंग शिकवत. तिथल्या कोचने त्याला एकट्याने लोखंडी पलंग पाठीवरून नेताना पाहिलं आणि आत बोलावलं.

आठ वर्षांत एकवीस लढती, त्यातल्या अठरा जिंकल्या. त्याची उजवी लाथ समोरच्याच्या मांडीवर बसली की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. पण समोरचा खाली पडला की त्याला उचलायला धावणारा पहिला हाच. कोच ओरडायचा, “अरे गाढवा, पंचांना दहा तरी मोजू दे!”

विजेतेपदाची लढत तीन आठवड्यांवर आली, तेव्हा त्याला डाव्या डोळ्यासमोर काळे ठिपके दिसू लागले. त्याने फक्त ताईला सांगितलं. तिने दुकानातल्या, नजर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवून पाहिलं. डाव्या डोळ्याने तिसऱ्या ओळीखालचं काहीच दिसत नव्हतं.

“आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल.”

“जाऊ की. लढत झाली की जाऊ.”

“आंधळा होशील, मूर्खा!”

“पंधरा मिनिटांची तर लढत आहे, ताई. आठ वर्षं मार खाल्लाय मी त्या पंधरा मिनिटांसाठी.”

लढतीआधी एकेक डोळा झाकून डॉक्टरांसमोर तक्ता वाचावा लागे. तो तक्ता आणि दुकानातला तक्ता एकाच छापाचा आहे, हे ताईला ठाऊक होतं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्याला समोर बसवलं.

माझ्याकडे ज्याची चार ओळींची कविता वर्षभरात पाठ झाली नाही, त्याने तो तक्ता आठवड्यात पाठ केला. सरळ, उलटा, मधूनच कुठूनही. ताईने त्याला अडखळायलाही शिकवलं. “इतकं घडाघडा नको म्हणूस. शेवटच्या ओळीत एक चूक कर, म्हणजे खरं वाटेल.”

तो तपासणीत पास झाला. चौथ्या फेरीत लढतही जिंकला. विजेतेपदाचा पट्टा कमरेला लावून काढलेल्या त्याच्या फोटोत सगळे हसताहेत, एक ताई सोडून. दमली असेल, असं आम्हाला वाटलं.

दोन आठवड्यांनी डाव्या डोळ्यासमोर अंधार उतरला. आतला पडदा पूर्ण सुटला होता. दोनदा शस्त्रक्रिया झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, “महिनाभर आधी आला असतात, तर डोळा वाचला असता.” ते कपाटाशी बोलत होते, पण ऐकत होती ताई.

एकोणतिसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला. आता त्याच शेडमध्ये तो मुलांना दुखापत न होता पडायला शिकवतो. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून कपात पाणी ओतताना काठावर एक बोट ठेवतो.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. बोलता बोलता ताईने त्याला एकदम विचारलं, “तेव्हा मी नाही म्हटलं असतं, तर तू मला माफ केलं असतंस?”

केलं असतं, असं म्हणून त्याला मोकळं होता आलं असतं.

“नसतं केलं, ताई.”

ती त्याच्या डाव्या बाजूला बसली होती. तिच्याकडे बघायला त्याला सगळी मान वळवावी लागली. तोवर तिने डोळे पुसले होते.