निळा ठिपका

लिओनार्डा आयुष्यात एकदाच ठरवून खोटं बोलली होती, आणि ते सरकारने छापून काढलं. चाळीस वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या काविया आदिवासींच्या राखीव डोंगरावर नकाशा करायला सरकारी मोजणीवाले आले, तेव्हा ती दुभाषी होती. तिचा सिक्स्टोमामा काविया भाषेत म्हणाला, झरा पश्चिमेच्या घळीत आहे म्हणून सांग. तिने सांगितलं. नकाशावर निळा ठिपका पडला. खरा झरा पूर्वेच्या घळीत, देवीच्या साथीत गेलेल्यांच्या थडग्यांपाशी. तिथे परक्यांचे पाय नकोत, एवढंच. त्या संध्याकाळी सगळे पोट धरून हसले.

डोंगरावरच्या पोराटोरांनाही हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते टेसाला. ही लिओनार्डाची नात शहरात वाढलेली, यंदाच वणवा विझवणाऱ्या तुकडीत लागलेली. जेवायला येईल तेव्हा सांगू म्हणता म्हणता राहूनच गेलं. मेलं आपलं हे सावकाशीचं खूळ!

मग डोंगरच पेटला. तुकडीच्या तळावर वाटा सांगायला बसलेल्या लिओनार्डाला भर दुपारी वायरलेसवर टेसाचा आवाज आला. धुरात ती तुकडीपासून तुटली होती.

"आजी, ठिपक्यावर उभी आहे. नुसती वाळू आहे. माझ्याजवळचं पाणी संपलं."

धुरामुळे हेलिकॉप्टर उतरेना. तुकडीचा म्होरक्या नकाशावर पेन्सिल टेकवून वाट बघत होता. वायरलेसवर आणखी तीसजण ऐकत होते, सगळे बाहेरचे.

लिओनार्डाचा भाऊ सेवेरिनो कानाशी पुटपुटला, "आपल्या भाषेत सांग."

"तिला येते कुठे? मी शिकवली? तू शिकवलीस?"

मामा, माफ कर, म्हणत लिओनार्डाने बटण दाबलं आणि इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं, सांगून टाकलं: पांढऱ्या खडकामागून चढ, डोंगराची धार ओलांड, ताडाची झाडं दिसतील तिथे पूर्वेच्या घळीत उतर.

मग वीस मिनिटं नुसती खरखर.

"आजी..." आवाज फाटला होता. "पाणी आहे. पण इथे क्रूस आहेत, खूप. पिऊ ना?"

लिओनार्डाला रडू आवरेना.

"तुझीच माणसं आहेत गं ती. त्यांना तुझं नाव सांग, आईचं सांग, माझं सांग. मग पी."

तीस परक्यांना ऐकू जाईल असं टेसाने एकेक नाव घेतलं.