व्हर्लीन ओडम यांची साक्ष

डेट्रॉइटच्या पूर्व भागात व्हर्लीन ओडम यांना सगळे ओळखत. उभा जन्म शाळेच्या खानावळीत मुलांना जेवण वाढण्यात गेला. दर रविवारी पांढरे हातमोजे घालून त्या चर्चच्या दारात उभ्या राहत आणि येणाऱ्यांना मुकाट्याने जागा दाखवत. चारचौघांत बोलण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

ती आणली एका दांडगटाने. मयताच्या जेवणासाठी केलेला मॅकरोनीचा ट्रे घेऊन त्या चर्चसमोर गाडीतून उतरतच होत्या. तो खेकसला, "म्हातारे, हो बाजूला, नाहीतर बघ!" तो गाडी घेऊन पसार झाला, ट्रे तेवढा हातात राहिला. पुढे तो पोलिसांना सापडला. पण हत्यार नाही, इजा नाही, म्हणून प्रकरण साध्या चोरीचं ठरलं.

आता राज्याच्या सिनेटपुढे नवं विधेयक आलं होतं. नुसता धाक घालून गाडी हिसकावली, तरी ती लूटच धरावी. ते आधी तपासणाऱ्या समितीत निम्मे बाजूने, निम्मे विरोधात. सिनेटर क्विगली तेवढे कुंपणावर. व्हर्लीनबाईंना साक्षीला दोन मिनिटं मिळाली.

चर्चच्या बसमधून तिथल्या गायनवृंदातल्या मैत्रिणी आल्या, रंगीबेरंगी टोप्या घालून मागे रांगेत बसल्या. व्हर्लीनबाई माइकपुढे गेल्या आणि अडखळल्या.

"मी... गाडीपाशी होते."

"बोल गं व्हर्लीन!" मागून मैत्रिणींतली ओझेल ओरडली.

"तो म्हणाला, हो बाजूला."

"म्हणाला गं बाई!" अख्खी रांग, त्यांच्या चर्चमध्ये प्रवचनाला ओरडून साथ देतात तशी.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. "हे चर्च नाही!"

"दिसतंयच. केवढी शांतता!" ओझेल म्हणाली. सभागृह खदखदून हसलं.

व्हर्लीनबाईंना बळ आलं. "साहेब, अंगावर ओरखडा नाही. पण आता सिग्नलला कुणी जवळ आलं, की माझे हात स्टिअरिंगवरून सुटतात. ही इजा कुठल्या कलमात बसते?"

"सांगा की!" मागची रांग.

वेळ संपल्याची घंटी वाजली. चर्चमध्ये प्रवचन संपता संपता ऑर्गन वाजतो आणि गायिका उभ्या राहतात. सवयच ती! अख्खी रांग ताडकन उठली आणि सुरात गुणगुणू लागली. अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. क्विगलींचा पाय मात्र टेबलाखाली ताल धरू लागला.

मत विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बाजूने."

बाहेर टोप्या हवेत उडाल्या. व्हर्लीनबाईंनी समितीच्या कारकुनाला गाठलं. "आता पुढे?"

"आता पूर्ण सिनेटमध्ये मतदान."

"तिथे मला किती मिनिटं?"

"तिथे साक्ष नसते, बाई."

"नसते?" व्हर्लीनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मग त्यांना समजावणार कोण?"