पोटाबाहेरचं आतडं

चुलतभावाने कोयता मारला तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. दोन हजार पाच-सहाचा सुमार. पडघ्याकडे गोदामं वाढत चालली होती आणि आमच्या दोन घरांमधल्या बांधाला एकाएकी मोल आलं होतं. मी बांधावर कुंपणाचे खांब पुरत होतो. तो कोयता घेऊन आला आणि म्हणाला, "खांब उपट."

"न्हाय उपटत."

एवढंच बोलणं झालं. पहिला वार मी हातावर घेतला. दुसरा बेंबीच्या डावीकडून आडवा गेला.

दुखलं नाही. गरम पाणी सांडल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं तर फाटलेल्या सदऱ्यातून आतडं बाहेर येत होतं. ओलं, गुलाबी, आणि हलत होतं. मी दोन्ही हातांनी ते आत लोटू लागलो. एकीकडून लोटलं की दुसरीकडून निसटायचं. चुलतभाऊ समोर उभा राहून ओकत होता. माझी बायको धावत आली, माझीच लुंगी ओढून तिने पोटाला आवळली आणि टेम्पोत ठाण्यापर्यंत त्या गाठीवर तळहात दाबून बसली.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटाच्या उजव्या बाजूला आतड्याचं लालभडक तोंड बाहेर काढून शिवलेलं होतं आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी चिकटवली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आतलं आतडं चार ठिकाणी कापलं गेलं होतं. हातभर काढून टाकलं, बाकीचं जोडलं. जोड भरेपर्यंत सगळं या तोंडातूनच बाहेर पडणार. त्या तोंडाला चुकून नख लागलं तर रक्त यायचं, पण दुखायचं नाही. भोवतालची कातडी मात्र जळायची. जेवण पचवणारा रस पिशवीतून झिरपला की तो माझीच कातडी खाऊ लागायचा. बायको रोज ती पुसायची, वर मलम लावायची, आणि मी तिला शिव्या द्यायचो.

घरी आल्यावर तहान सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, साधं पाणी कमी, मीठ-साखरेचं जास्त. मला त्या खारट-गोड पाण्याची किळस आली होती. एका दुपारी मी माठाकडे गेलो. बायकोने माझ्या हातातला लोटा धरला.

"अहो, नको सांगितलंय ना!"

मी तिला ढकललं. तसा मी काडीसारखा झालो होतो, पण त्या क्षणी कुठून बळ आलं कोण जाणे. तिचं कपाळ चौकटीवर आपटलं. ती खाली बसली, बोटांमधून रक्त गळत होतं, आणि मी तिच्यासमोर उभा राहून तीन लोटे पाणी प्यायलो.

तासाभरात पिशवी भरली. बदलली, पुन्हा भरली, मग फुटली. संध्याकाळपर्यंत माझ्या पोटऱ्यांत गोळे येऊन मी ओरडत होतो, बोटं आखडली होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आई म्हणाली, "पानी तं पोटभर प्यायला, तरी पोर सुकत कसा हाय?"

मला पुन्हा दवाखान्यात नेलं, तिथे तेच मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. हाताला सलाईन लावून त्या रागातच बोलल्या. "आतडं म्हणजे नुसती नळी नाही. रोज सात-आठ लिटर पाणी त्यात येतं, काही तुम्ही पिता ते, बाकी सगळा शरीराने सोडलेला रस. धडधाकट माणसाचं आतडं ते जवळजवळ सगळं परत शोषून घेतं. तुमचं अर्ध्या वाटेवरच बाहेर उघडलंय. त्यात साधं पाणी ओतलं की आतडं अंगातलं मीठ त्या पाण्यात सोडतं, आणि मिठामागे अंगातलं पाणी निघून जातं. मीठ आणि साखर बरोबर दिली तर आतडं दोघांना आत ओढतं, मग पाणीही मागोमाग येतं. तुम्ही तीन लोटे प्यायलात आणि त्याहून जास्त गमावलंत."

मग त्यांनी बायकोच्या कपाळाकडे पाहिलं. "हे काय झालं?"

"पडले," बायको म्हणाली. तिला चार टाके पडले. मी खाटेवरून बघत होतो.

त्यानंतर मी घोटाघोटाने मीठ-साखरेचं पाणी प्यायलो, मीठ घातलेली पेज खाल्ली. तीन महिन्यांनी आतडं पुन्हा आत जोडलं. चौथ्या दिवशी वारा सरला, म्हणजे आतडं चालू झालं, तेव्हा आई वॉर्डातच रडली. चुलतभावावर खटला चालला, मी साक्ष दिली, त्याला शिक्षा झाली.

साक्ष देऊन परतलो त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "मला माफ कर."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "तुमच्या भावाला तुम्ही केलंत?"

"न्हाय."

"मग माझ्याकडं कशाला मागता?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. मी जेवायला बसलो. तिने वाढलं, पण माझ्याबरोबर जेवायला ती बरेच महिने बसली नाही.