पाचव्या मजल्यावरची चार पिल्लं

मांजरांवर माझं फार प्रेम आहे, असं इथे आखातात, रिग्गईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतं. मी ते खोडून काढायच्या भानगडीत पडत नाही. खरं सांगायचं तर मला मांजरं बेताचीच आवडतात. माणसं त्यांचं जे करतात, ते मात्र मुळीच बघवत नाही. सुट्टीला जाताना कोणी पिल्लू जिन्यात सोडतं, बदली झाली की कोणी दहा वर्षांचं मांजर पार्किंगमध्ये ठेवून विमानात बसतं, आणि निरोप समारंभात हीच माणसं डोळे पुसत असतात. लेक शिकायला कॅनडाला गेल्यापासून तिची खोली रिकामी होती. त्या खोलीत अशी टाकलेली पिल्लं येऊ लागली आणि मी बिल्डिंगची मांजरवाली झाले. नवरा ऑडिटर आहे, मोजकं बोलतो. तो म्हणतो, "तुला मांजरं नकोच आहेत. तुला लोकांवर चिडायला सबळ कारण हवं असतं." त्याचं अगदीच चूक नाही.

गेल्या जूनमधली गोष्ट. गुरुवारी दुपारी मी ऑफिसमधून येऊन चहा टाकला होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात पाचव्या मजल्यावरच्या बाई. वय पस्तीसच्या आसपास, नवरा बँकेत, दोन मुली. मराठी मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन याच करतात. मला काकू म्हणतात, ते मला आवडत नाही, हे त्यांना ठाऊक नाही. हातात मिक्सरचं रिकामं खोकं होतं.

"काकू, आम्ही यांना वाचवलं," त्या म्हणाल्या.

खोक्यात चार पिल्लं होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. फार तर आठवड्याची असतील. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची रिबिन.

"कुठून वाचवलं?"

"बेसमेंटमधून. पाण्याच्या पंपाची खोली आहे ना, तिथून. आई टाकून गेली होती हो."

"टाकून गेली हे कसं कळलं?"

"आम्ही चांगली दहा मिनिटं थांबलो. आलीच नाही."

दहा मिनिटं. या बाई मंडळाच्या कार्यक्रमात नुसतं स्वागत करायला याहून जास्त वेळ घेतात. बाळंत झालेली मांजरी पोटासाठी बाहेर पडते, दोन-दोन तास येत नाही, आणि येते तेव्हा पिल्लं जागेवर असतील अशी तिची समजूत असते.

"कधी आणलीत?"

"परवा. मुलींनी काय एन्जॉय केलं, काकू. मी रील टाकलंय, बघितलं नाहीत?"

बघितलं होतं. बिल्डिंगच्या ग्रुपवर त्याखाली बदामांची रांग लागली होती. मला वाटलं होतं, दुसऱ्या कुणाचा तरी जुना व्हिडिओ असेल.

मी खोकं आत घेतलं आणि पिल्लं एकेक करून हातात घेतली. तीन कोमट होती, चौथं राखाडी पिल्लू गार. श्वास घेताना त्याच्या नाकाशी दुधाचा बुडबुडा येत होता. काय पाजलं, विचारलं. गाईचं दूध, थोडी साखर घालून, चमच्याने. कसं धरून? त्यांनी दोन्ही हात पुढे करून तान्ह्या बाळाला उताणं धरतात तसं धरून दाखवलं. पिल्लाला उताणं धरून पाजलं की दूध छातीत जातं. त्याला पोटावर ठेवूनच पाजावं लागतं, जसं ते आईजवळ पितं. त्यांच्या हातात दिवसभर फोन असतो, त्यावर हे पाच मिनिटांत कळलं असतं. रील काढायला नक्कीच त्याहून जास्त वेळ लागला असेल.

"सू करतात का?"

"करत असतील की."

करत नव्हती. इतकी लहान पिल्लं आपली आपण करूच शकत नाहीत, आई चाटते तेव्हा होते. चौघांची पोटं ताठ झाली होती. मी कोमट पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसायला लागले, तसं पहिलं पिल्लू किती तरी वेळ सू करत राहिलं. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. नाकाला रुमाल.

"ठेवून घ्याल ना? आज आमची फ्लाइट आहे. तुमच्याकडे सगळं असतंच."

तेव्हा मी बोलले ते फार बरं नव्हतं. म्हटलं, "तुम्ही भाजी आणायला खाली गेला असताना कोणी तुमच्या मुली उचलून नेल्या आणि वर तुम्हालाच पळपुटी ठरवलं, तर कसं वाटेल?" त्यांचा चेहरा पडला. "काकू, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता," म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या. त्यांच्या चार मोठ्या बॅगा खाली जाताना नंतर मी खिडकीतून पाहिल्या. एकेक बॅग त्यांनी जपून ठेवून घेतली.

रुमैथियातल्या दवाखान्यात डॉक्टरने राखाडी पिल्लाच्या छातीला नळी लावली आणि मान हलवली. इंजेक्शन दिलं. पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर दिली. "तुम्ही कितीही करा, आई मिळाली तर बघा," म्हणाला. परत येताना नवऱ्याने गाडीतले एसीचे झोत पिल्लांपासून वळवले. बाहेर उन्हाने गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता आणि माझ्या मांडीवर गरम पाण्याची बाटली होती.

आमच्या बिल्डिंगचा हारिस, म्हणजे राखणदार, बांगलादेशचा. साठीला आलेला, गुडघे गेलेले. त्याला जाऊन विचारलं तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दो दिन से रो रही है, मॅडम. पंप के कमरे में जाती है, बाहर आती है, फिर जाती है. किसी ने मुझसे पूछा नहीं."

खरंच कोणी विचारलं नव्हतं. उलट तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी त्याला सांगितलं होतं, की त्या मांजरीचा आवाज फार होतो, तिला पोत्यात घालून वाळवंटात सोडून ये. याच गृहस्थांनी रीलखाली तीन बदाम टाकले होते. मी ग्रुपवर तेवढंच लिहिलं: आपण ज्या पिल्लांना बदाम दिलेत, त्यांचीच आई ओरडते आहे. त्यांनी ग्रुप सोडला. ग्रुपचं काही बिघडलं नाही.

माझ्याकडे मांजर पकडायचा पिंजरा आहे. हारिस म्हणाला, पहाटेच्या, फजरच्या अजाननंतर ती कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या ड्रमपाशी येते. पहिल्या सकाळी मी आत मासळीचा डबा उघडून ठेवला. एक जाडा बोका आरामात आत शिरला आणि सगळं खाऊन बसला. दुसऱ्या सकाळी ती आली, लांबूनच वास घेतला आणि गेली. मी वर आले तेव्हा राखाडी पिल्लू माझ्या लेकीच्या खोलीत शेवटचं तोंड उघडत होतं. मी त्याला तळहातावर घेतलं. तेवढं करण्यासारखं होतं. त्याची रिबिन सोडायची राहून गेली होती, ती तेव्हा सोडली. आल्या आल्या सगळ्यांच्या सोडायला हव्या होत्या. दुसऱ्यांची चूक शोधण्यात माझं हे असं होतं.

पाचव्या मजल्यावरच्या बाईंना कळवलं, "राखाडी गेलं." मुंबईहून उत्तर आलं: जोडलेले हात, तुटलेला बदाम, आणि खाली, "बाकीच्यांचे फोटो पाठवा ना, मुली विचारतायत." मी फोटो पाठवले नाहीत.

तिसऱ्या सकाळी मासळी ठेवलीच नाही. तिघांतलं सगळ्यात दणकट पिल्लू एका जाळीच्या टोपलीत घातलं, टोपली पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला टेकवून ठेवली आणि वरून चादर टाकली. मी आणि हारिस एका गाडीआड उभे राहिलो. थोड्या वेळाने पिल्लू ओरडायला लागलं. ती कुठून आली ते कळलंच नाही. काळीपांढरी, शेपटी अर्धीच, बरगड्या मोजता येतील अशी, आणि आचळ दुधाने तटतटलेले. पिंजऱ्यापुढे ती थांबली. पिंजरा काय असतो ते तिला ठाऊक होतं, हे तिच्या थांबण्यातच दिसत होतं. तिने एकदा आम्ही उभे होतो त्या गाडीकडे पाहिलं आणि सरळ आत गेली. मागे दार पडलं. जंगली मांजर अडकलं की पिंजरा उलटापालटा करतं. हिने केलं नाही. जाळीतून पंजा घालून ती टोपली जवळ ओढत होती.

"ये तो खुद आ गई, मॅडम," हारिस हळूच म्हणाला.

पिंजरा त्यानेच उचलला.

आता ती पिल्लांना घेते की नाही, हा प्रश्न होता. पाच दिवस त्यांच्या अंगावर माणसांचे हात फिरले होते. पिंजऱ्यात ती ज्या कापडावर बसली होती ते काढून मी तिन्ही पिल्लांना चोळलं, खोलीच्या कोपऱ्यात खोकं आडवं करून त्यात ठेवली, पिंजरा उघडला आणि दार लावून बाहेर जमिनीवर बसले. आतून फिस्कारल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. अर्ध्या तासाने मी दार बोटभर उघडलं. ती कुशीवर पडली होती, तिघं ओळीने लागली होती, आणि ती त्यांना अशी चाटत होती की कातडं निघेल असं वाटावं. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं. मंडळाच्या कित्येक वार्षिक सभांना मी बसले आहे, पण इतका निखळ तिरस्कार मी कुणाच्या डोळ्यांत पाहिलेला नाही.

पुढचे सात आठवडे ती माझ्यावर फिस्कारत राहिली. खाणं ठेवताना एकदा मनगट ओरबाडलं. ज्यांना हे सांगितलं त्यांना वाईट वाटलं, "तुम्ही एवढं केलंत तरी?" लोकांना जनावरंसुद्धा आभार मानणारी हवी असतात. मला तिचा तो राग पटत होता. लेकीने फोनवर तो ओरखडा पाहिला आणि म्हणाली, "आई, सिरियसली, यू नीड फ्रेंड्स." म्हटलं, आहेत की, एक आहे.

पिल्लं खाऊ लागल्यावर मी त्यांच्यासाठी घरं शोधायला घेतली. कुणी विचारलं, पर्शियन आहेत का. कुणी विचारलं, डोळे निळे होतील का. एकीला शुक्रवारी वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं होतं. मंडळाच्या एका पदाधिकाऱ्यांनी पांढऱ्या पायांचं पिल्लू नेलं आणि चार दिवसांनी परत आणलं, कारण त्याने सोफ्याला नख्या लावल्या. सोफा नवीन होता म्हणे. पिल्लूही नवीनच होतं.

मग एक फोन आला. रत्नागिरीकडचे गृहस्थ, शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. "ताई, गोदामात उंदीर झालेत, मांजर हवं होतं."

"उंदरांसाठी मी पिल्लू देत नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी ते बायकोला घेऊन दारात आले. दाढी पिकलेली, हातात मांजर न्यायची स्वच्छ धुतलेली पेटी. "फोनवर नीट बोलता नाही आलं," म्हणाले. त्यांच्या फोनमध्ये एका तीन पायांच्या म्हाताऱ्या मांजरीचे फोटो होते. कधी ती काउंटरवर, कधी त्यांच्या खुर्चीत. गाडीखाली सापडली होती, तिचं ऑपरेशन यांनीच करवलं होतं, आणि अकरा वर्षांनी ती गेल्या महिन्यात गेली होती. "हिच्यामुळंच उंदीर नव्हते. आता हिच्याशिवाय दुकानात बसवत नाही, ते कसं सांगायचं फोनवर?"

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "दोन द्या ताई. एकटं पिल्लू झुरतं."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं माझ्या प्रश्नांपेक्षा तयार होती. मग त्यांनी मला विचारलं, "यांची आई कुठाय?" इतके फोन येऊन गेले होते, हे कुणीच विचारलं नव्हतं. माणूस आवाजावरून ओळखता येतो असं मला वाटायचं. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, आणि ती वाटणंही फारसं आवडलं नाही. तिसरं पिल्लू, तो सोफ्याचा गुन्हेगार, त्यांनी महिनाभराने येऊन नेलं.

मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं, त्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलं गेलं, आणि मी तिला बेसमेंटमध्ये सोडलं. पिंजरा उघडताच ती गाड्यांखालून निघून गेली. हारिसने पंपाच्या खोलीशी पाण्याचा डबा ठेवला होता.

पाचव्या मजल्यावरच्या बाई ऑगस्टअखेर परतल्या. मी त्यांना टाळलं. दिवाळीच्या फराळाचा कार्यक्रम एका शुक्रवारी दुपारी होता. सूत्रसंचालन अर्थात त्यांचंच. प्राणिमात्रांवरच्या प्रेमाबद्दल काही तरी बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आम्हीसुद्धा या उन्हाळ्यात बेसमेंटमधल्या चार पिल्लांना जीवदान दिलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत चकलीची ताटली धरून बसले होते, आणि काय बोलायचं ते मनात जुळवत होते. खोचक वाक्यं मला पटापट सुचतात.

पुढच्या रांगेत त्यांची थोरली बसली होती, नऊ वर्षांची. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "थ्री, मम्मा. वन डाइड."

माइक चालू होता. बाईंनी हातातला कागद खाली केला. मग म्हणाल्या, "हो. तीन." आणि पुढच्या गाण्याचं नाव वाचलं, ते चुकीचं वाचलं.

चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. "ती मला सारखं विचारायची, काकू. ते आपल्यामुळे मेलं का. मी नाही म्हणत राहिले. गेल्या आठवड्यात सांगितलं शेवटी."

"काय सांगितलंत?"

"हो म्हणून. मी चुकीचं पाजलं म्हणून." त्यांनी कागदी कप उगाच फिरवला. "ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही."

या बाईबद्दल मला त्याआधी फारसं बरं वाटत नव्हतं, आणि अजूनही रोज वाटतं असं नाही. रील्स त्या अजून टाकतात. पण त्या दुपारी जुळवून ठेवलेलं एकही वाक्य मला म्हणावंसं वाटलं नाही. मी त्यांच्या कपात चहा ओतला. आम्ही दोघी गाणं संपेपर्यंत खिडकीशी उभ्या राहिलो.