मुतवल्ली एफेंदींच्या दोन चुका

धान्याचे दलाल झैदान यांचा खून झाला, याचं आमच्या गावाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या खिशात सापडलेल्या चिठ्ठीने मात्र गावाची झोप उडवली. "शुक्रवारची नमाज तुझ्या नशिबात नाही," एवढीच ओळ, आणि तीत शुद्धलेखनाच्या दोन चुका. वर्तमानपत्राने तिचा फोटो छापला आणि कहवाखान्यातला डॉमिनोचा खेळ आठवडाभर बंद पडला.

"अक्षर बघा, कसं दाबून काढलंय," हसूना न्हावी म्हणाला. "दक्षिणेकडचा सईदी माणूस. पैजेवर सांगतो."

"डावखुरा आहे," बदावी मास्तर म्हणाले.

"मग तुमच्या मेव्हण्याला धरा की, मास्तर!"

या चर्चेत मुतवल्ली एफेंदी भाग घेत नसत. कचेरीसमोरच्या शिरीषाखाली टेबल टाकून ते तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत होते. ती चिठ्ठी त्यांनी एकदाच पाहिली आणि चेहरा फिरवला. खून होतात, पण असं लिहायचं?

झैदानशी भांडण झालेल्या बारा जणांना सरकारी वकिलांनी हुकूम दिला: प्रत्येकाने ती ओळ स्वतःच्या हाताने लिहून कचेरीत आणून द्यावी. बाराही जण सरळमार्गी. सरकारला काही लेखी द्यायचं म्हटल्यावर ते जिथे जात आले तिथेच गेले, शिरीषाखाली. मुतवल्लींनी बारा वेळा ती ओळ सुवाच्य लिहिली, अर्थात दोन्ही चुका दुरुस्त करून, आणि खाली प्रत्येकाचा अंगठा घेतला.

कैरोहून आलेल्या हस्ताक्षरतज्ज्ञाने बारा कागद ओळीने मांडले. मग चष्मा पुसला. मग पुन्हा मांडले.

"हे सगळं तुम्ही लिहिलंत?" सरकारी वकिलांनी मुतवल्लींना बोलावून विचारलं.

"हो, बेसाहेब."

"स्वतःच्या हाताने लिहा म्हटलं होतं!"

"बेसाहेब, या लोकांची लग्नं, तलाक, सांत्वनं, सगळी याच हाताने झालीत. त्यांचा दुसरा हात मी तरी पाहिला नाही."

बाराही जणांनी शपथेवर सांगितलं की आम्हाला लिहिता येत नाही. या उत्तरावर माणूस सुटतो हे दिसल्यावर बाकीचं गावही निरक्षर झालं. बदावी मास्तरांनीसुद्धा आपण केवळ तोंडी शिकवतो असा जबाब दिला. आता गावात लिहिता येणारा एकच इसम उरला.

"मग चिठ्ठी तुमचीच," वकील म्हणाले. "नाही तर ती ओळ माझ्यासमोर लिहा. चिठ्ठीत आहे तशी, चुकांसकट. तज्ज्ञ ताडून बघतील. नाही लिहिलीत तर कोठडी."

मुतवल्लींनी लिहिलं. शुद्ध. दुसऱ्यांदा लिहिलं. तेही शुद्ध.

"मुद्दाम करता आहात!"

"हात वळत नाही, बेसाहेब."

दाराशी त्यांची बायको उभी होती. "अहो जाबेरचे अब्बा, लिहा की चुकीचं! आयुष्यभर माझ्या चुका काढल्यात, दोन स्वतः करा आणि घरी चला. मुलुखियाची भाजी निवतेय!"

तिसऱ्यांदा त्यांनी टाक बुडवला. कपाळावर घाम आला. पहिली चूक त्यांनी डोळे मिटून केली, दुसरी दात आवळून.

तज्ज्ञाने भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "हा माणूस नाही," ते म्हणाले. "चूक इतकी जपून लिहिलीय की जन्मात पहिल्यांदाच केलेली दिसते. मूळ चिठ्ठीवाला सराईत आहे."

मुतवल्ली सुटले. गावाने सरबत पाजलं. त्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "तो कागद?"

दोन चुकांचा तो कागद खाली त्यांची सही होऊन पुराव्यात दाखल झाला होता. खटला निकाली निघेपर्यंत मिळणार नाही, असं कारकुनाने सांगितलं.

याला एकोणीस वर्षं झाली. झैदानच्या मुलांनी धंदा वाटून घेतला, विधवेने भांडायला तोडीस तोड असा दुसरा नवरा शोधला, सरकारी वकिलांची बढती होऊन बदली झाली. मारेकरी सापडावा असं आता गावात एकाच माणसाला मनापासून वाटतं. दर वर्षी तपास पुन्हा सुरू करण्याविषयी तो एक अर्ज देतो. अर्जाचं अक्षर अप्रतिम असतं, आणि कचेरीतले नवे कारकून नमुना म्हणून तो गिरवतात. पुढे पाठवत मात्र कुणी नाही.